खेळातले दुकान आणि आईचे खाते



गेल्या जून महिन्यात आमच्या वस्तीतल्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचे काम करतात, सकाळी सहा ते दुपारी दोन. पिशवीतून बँकेचे पासबुक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, हे जरा वाचून सांगा. यात माझे पैसे कुठे गेले?"

पासबुक नुकतेच भरून आणलेले होते. एकाखाली एक सारख्याच ओळी. ८० रुपये, १६० रुपये, ४००, पुन्हा ८०, मध्येच एकदम १,५९९. दोन महिन्यांत २३ हजारांहून अधिक रुपये गेले होते. थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी ते साठवले होते. चोर कुणी बाहेरचा नव्हता. चौदा वर्षांच्या मुलाने मोबाइलवरच्या एका खेळात ते खर्च केले होते.

घरी काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. नवरा म्हणाला, "तुझंच लक्ष नाही." सासूबाई म्हणाल्या, "बाई दिवसभर घराबाहेर, मग पोरगं असंच वागणार." मुलाला मार बसला. घरातला मोबाइल कपाटात बंद झाला. आठवडाभराने तो मुलाला परत मिळाला, कारण क्लासचे सगळे त्याच्यावरच येते. मुलीला मात्र प्रवेशाचा अर्ज भरण्यापुरताही मिळाला नाही. तिच्या प्रवेशाचे 'पुढच्या वर्षी बघू' असे ठरले.

म्हणजे खेळला मुलगा, कमावले कंपनीने, बोलणी खाल्ली आईने आणि किंमत मोजली मुलीने. या सगळ्यात ज्याने पैसे घेतले त्याला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. या अंकाचे संपादकीय त्याच प्रश्नासाठी लिहीत आहे. मुलाने आईच्या खात्यातून खेळात पैसे घालवले, तर तो फक्त संस्कारांचा आणि आईच्या लक्षाचा प्रश्न आहे का? की ही ग्राहक म्हणून दाद मागण्याची गोष्ट आहे?

हा प्रश्न किती जिवावरचा होऊ शकतो हे आपण पाहिले आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या छतरपूर येथे तेरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. आईच्या खात्यातले सुमारे ४० हजार रुपये खेळात गेले होते आणि त्याने आईची माफी मागणारी चिठ्ठी लिहून ठेवली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत जोगेश्वरीचा सोळा वर्षांचा मुलगा आई रागावली म्हणून घर सोडून गेला. आईच्या खात्यातून दहा लाख रुपये गेल्याचे बातम्यांत आले होते. सुदैवाने पोलिसांना तो सापडला आणि घरी परतला. दोन्हीकडे खाते आईचे होते आणि दोन्हीकडे मुलाला आपल्या हातून झाले ते असह्य वाटले. म्हणून पैशांचा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट. असे घडलेल्या घरात पहिल्या दोन दिवसांत मुलाला एकटे सोडू नका, चारचौघांत त्याचा अपमान करू नका. गरज वाटली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. मनाच्या आधारासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. पैसे परत मिळवायला नंतरही वेळ असतो.

आता हे दुकान चालते कसे ते समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळजणींनी हे खेळ कधी उघडून पाहिलेले नसतात. मीही नव्हते पाहिले. त्या बाईंच्या मुलाला शेजारी बसवून मी पाहिला.

खेळ फुकट असतो, ही पहिली गंमत. आत गेल्यावर कपडे, बंदुकांचे रंग, नाचाच्या तऱ्हा, पुढची पातळी, सगळे विकत. पण विकत घ्यायचे ते रुपयांत नाही. आधी रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यायची आणि मग हिऱ्यांनी वस्तू घ्यायची. ९० हिरे म्हणजे किती रुपये, हा हिशेब मोठ्या माणसालाही पटकन जमत नाही. हिऱ्यांचे गठ्ठे असे बांधलेले असतात की वस्तू घेतल्यावर थोडे हिरे उरतात आणि पुढच्या वस्तूला थोडे कमी पडतात. म्हणून पुन्हा गठ्ठा घ्यायचा. कोपऱ्यात घड्याळ उलटे पळत असते, 'दोन तासांत ही संधी संपेल.' शिवाय बंद पेट्या असतात. पैसे भरून पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. जत्रेतल्या सोडतीच्या दुकानात मुलाला एकटे पाठवताना आपण दहादा विचार करतो. इथे ते दुकान उशाशी असते आणि रात्रभर उघडे असते.

चौदा वर्षांच्या मुलाला दोस्तांसमोर 'फुकट्या' दिसायचे नसते. हे त्याच्या आईला कळत नसेल एक वेळ, दुकान मांडणाऱ्याला पक्के कळते. त्यानेच तर दुकान त्या वयाच्या मनाच्या मापाने शिवले आहे.

पण हे पैसे आईच्याच खात्यातून इतक्या सहज का जातात? त्याचे उत्तर आपल्याला नवे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ७९ टक्के बायकांनी सांगितले की आपण स्वतः वापरतो असे बँक खाते आपल्याकडे आहे. स्वतः वापरतो असा मोबाइल मात्र ५४ टक्के बायकांकडेच होता. म्हणजे खाते बाईच्या नावावर झाले, पण खात्याची किल्ली असलेला मोबाइल पुष्कळ घरांत दुसऱ्याच्या हातात राहिला. जनधन, बचत गट आणि आता लाडकी बहीण योजनेचे पैसे, हे सगळे तिच्या नावाने येते. बँकेचा संदेश मात्र नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर वाजतो.

आमच्या या बाईंचेही तसेच. कामाच्या जागी मोबाइल चालत नाही, म्हणून तो घरी. त्यावर पैसे पाठवायची सोय मुलानेच सुरू करून दिली, गुप्त पिनही त्यानेच घातला. "मला इंग्रजी कुठं येतंय, ताई? त्यानं केलं, मला बरंच वाटलं. पोरगं हुशार निघालं म्हटलं." संदेश येत होते, तो ते पुसून टाकत होता. आता तर लहान रकमा पिन न घालताही देता येतील अशी 'यूपीआय लाइट'ची सोय आहे. भाजीवाल्याला पैसे द्यायला ती सोयीची, पण खेळातल्या दुकानालाही तितकीच सोयीची. अशा वेळी 'लक्ष नव्हते' हा आरोप करणे म्हणजे बाईला किल्ली न देता कुलूप तुटल्याचा जाब विचारण्यासारखे आहे.

आता कायद्याचे पाहू. पुष्कळजणींचा समज असा की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, तेव्हा हे सगळे बंदच झाले. तसे नाही. त्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. रमी, पैजेचे क्रिकेट वगैरे. हिरे आणि कपडे विकणारे साधे खेळ त्या बंदीत येत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याला जुनी हत्यारेच परजावी लागतील आणि ती बोथट नाहीत.

पहिले हत्यार १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती, म्हणजे अठरा वर्षांखालील मूल, करार करायला पात्र नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात सांगितले आणि आजही आपली न्यायालये ते मानतात. खेळात 'मला मान्य आहे' हे बटण चौदा वर्षांच्या मुलाने दाबले असेल, तर त्या मान्यतेला कायद्यात बळ नाही.

दुसरे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहक अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आई किंवा वडील तक्रार करू शकतात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नवऱ्याची सही लागत नाही. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर परदेशातली, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा दुकानाने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे.

तिसरे, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेली 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वे. ग्राहकाला फसवून किंवा गोंधळात पाडून खर्च करायला लावणाऱ्या तेरा युक्त्यांची त्यात यादी आहे. खोटी घाई करणे, सतत टोचणी लावणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणे, हे सगळे त्यात आहे. उलटे पळणारे घड्याळ खोटे असेल, संपलेली संधी उद्या पुन्हा येत असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा. तो पुरावा आहे.

आता प्रत्यक्षात करायचे काय? गटाच्या बैठकीत वाचून दाखवता येईल अशा क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी गळती थांबवा. मोबाइलमधल्या ॲपच्या दुकानातून आपले बँक खाते काढून टाका, पिन बदला, यूपीआय लाइट बंद करा. बँकेत जाऊन रोजची मर्यादा कमी करून घ्या. पासबुक भरून घ्या आणि प्रत्येक खरेदीची तारीख, रक्कम व पावतीचा क्रमांक एका कागदावर उतरवा. खेळ लगेच पुसून टाकू नका. मुलाचे खाते, त्यातले नाव, खरेदीची यादी, या सगळ्याचे फोटो आधी घ्या. रागाच्या भरात आपण पुरावाच पुसतो.

मग पैसे परत मागा. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर खरेदी गूगल प्लेमार्फत होते. तिथे ४८ तासांच्या आत मागणी केली तर परताव्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि घरच्या मुलाने न विचारता खरेदी केली हे कारण तिथे देता येते. ॲपलच्या फोनवरही तक्रार नोंदवून परतावा मागण्याची सोय आहे. ४८ तास उलटून गेले असतील तर खेळाच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहा. मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. मूल अज्ञान आहे, खातेदाराची संमती नव्हती, म्हणून पैसे परत करावेत, एवढे पुरे. त्यात रडगाणे नको आणि माफीही नको. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतर जिल्हा आयोग.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. घाईघाईने 'कुणीतरी माझे खाते लुटले' अशी तक्रार बँकेत किंवा पोलिसांत देऊ नका. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक खऱ्या फसवणुकीसाठी आहे. स्वस्तात हिरे देतो म्हणून कुणा अनोळख्याने मुलाकडून ओटीपी किंवा पैसे काढून घेतले असतील, तर जरूर आणि ताबडतोब तिथेच फोन करा. पण मुलानेच खर्च केला असेल तर खरे तेच सांगा. खोट्या तक्रारीचा माग शेवटी आपल्याच घरात येतो आणि मग ग्राहकाची तक्रार मुलावरची पोलीस केस होऊन बसते.

कायदा आपल्या बाजूने आहे, म्हणून पैसे आपोआप येतील असे मी सांगणार नाही. कंपनी म्हणेल, खाते मोठ्या माणसाचे होते, पिन बरोबर होता, आम्हाला काय ठाऊक? बँकही हात वर करेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिले आहे, पण पिन स्वतःच दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, असेही त्यात आहे. म्हणून बँकेला कळवायला एक दिवसही दवडू नये. आणि कंपनीला आपण उलट विचारायचे, ज्या खेळात शाळकरी मुलांची गर्दी आहे, तिथे विकत घेणारा मोठा की लहान हे तुम्ही पाहिले कसे?

हा प्रश्न इतर देशांत विचारला गेला आहे. अमेरिकेत मुलांनी आईवडिलांच्या संमतीशिवाय केलेल्या खरेदीबद्दल २०१४ साली ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य करावे लागले. 'फोर्टनाइट' हा खेळ चालवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये २४ कोटी ५० लाख डॉलर परताव्यासाठी देण्याचे मान्य केले. तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप असा होता की बटणांची रचनाच नकळत खरेदी व्हावी अशी होती. बेल्जियमने २०१८ साली पैसे भरून उघडायच्या बंद पेट्यांना जुगार ठरवले. चीनने २०१९ साली मुलांनी महिन्याला किती खर्च करायचा याची वयाप्रमाणे मर्यादा घातली. कुणाचा मार्ग आपल्याला पटेल, कुणाचा नाही. पण 'आईने लक्ष द्यावे' एवढे म्हणून यातला कुठलाही देश थांबला नाही.

आपल्या राज्यात तरी हा विचार नवा कुठे आहे? १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर लाटणी घेऊन उतरलेल्या बायकांनी मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हेच तर सांगितले होते. तेल आणि साखर परवडत नाही हा गृहिणीच्या काटकसरीचा दोष नाही, तो बाजाराचा आणि सरकारचा प्रश्न आहे. स्वयंपाकघरातला हिशेब त्यांनी रस्त्यावर मांडला. ग्राहक चळवळीतही सामूहिक खरेदीच्या वाटपापासून तक्रारी लढवण्यापर्यंत बायकांनी कामाचा मोठा वाटा उचलला. आज दुकान मोबाइलच्या आत गेले आहे, म्हणून ते दिसेनासे झाले आहे. ते पुन्हा दिसेल असे करणे हे आपले काम.

त्यासाठी काही मागण्या आपण ठामपणे मांडायला हव्यात. खेळातली प्रत्येक किंमत रुपयांत आणि आपल्या भाषेत दिसली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या खर्चाला महिन्याची मर्यादा हवी आणि प्रत्येक खरेदीला पालकाची वेगळी संमती हवी. परताव्यासाठी ४८ तास पुरत नाहीत. महिन्यातून एकदा पासबुक भरणाऱ्या बाईला ती फसवणूक कळायलाच महिना लागतो. आणि बँकांनी खातेदार बाईला तिच्या स्वतःच्या क्रमांकावर, मराठीत संदेश पाठवावेत.

एक काम मात्र कुणाकडे मागायला नको. बचत गटाच्या मासिक बैठकीत अर्धा तास पासबुक वाचनासाठी ठेवू या. जिला वाचता येते तिने दुसरीला शिकवावे. प्रत्येकीने आपला पिन स्वतः घालावा आणि तो मुलाच्या वाढदिवसाचा नसावा! मुलगा असो की मुलगी, मोबाइल मिळेल तर दोघांना आणि नियम लागतील तर दोघांना. मुलाने चूक केली म्हणून मुलीचा फोन बंद होणार असेल, तर गटातल्या बायकांनी त्या घरी जाऊन बोलले पाहिजे.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचे पुढे काय झाले ते विचाराल. शेवटच्या तीन खरेदींचे पैसे काही दिवसांतच परत आले, कारण ४८ तास उलटले नव्हते. तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेल्या पत्रानंतर कंपनीने 'सद्भावना म्हणून' आणखी साधारण नऊ हजार रुपये परत केले आणि बाकीचे नाकारले. बाकीच्यासाठी त्यांनी मुलाची पालक म्हणून जिल्हा आयोगात तक्रार केली आहे. तारखा पडत आहेत. मुलीच्या फीचा पहिला हप्ता बचत गटाने कर्जाऊ दिला आणि तिचा प्रवेश याच वर्षी झाला.

तक्रारीला जोडायचा खर्चाचा तक्ता आम्ही मुलाकडूनच भरून घेतला. शिक्षा म्हणून नव्हे, त्यालाच सगळे माहीत होते म्हणून. दोन तास तो खाली मान घालून लिहीत होता. शेवटी बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि आईकडे बघून म्हणाला, "एवढे झाले होते हे मला कळलंच नाही." आई काही बोलली नाही. कागद घडी घालून तिने पासबुकात ठेवला आणि पासबुक आपल्या पिशवीत.

तुमच्या गटात असे पासबुक आले असेल, परतावा मिळाला असेल किंवा नाकारला गेला असेल, तर आम्हाला जरूर कळवा. नावे नकोत, तारखा आणि रकमा हव्यात. आपल्या तक्रारी एकत्र आल्या तरच त्या दुकानदाराच्या दारापर्यंत पोचतील.